सहा पेपर, एकच बाप

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या बहिणीवर आणि तिच्याबरोबर परीक्षेला बसलेल्या आमच्या गावच्या पाच पोरींवर. कधी, तर पंच्याण्णव साली, मळणी उरकल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारच्या भोंग्याच्या जरा आधी. कुठे, तर रोह्याला, कंपनीच्या गेटाला लागून असलेल्या ऑफिसात. कोणी केला, त्याचं नाव लिहीत नाही. भीती म्हणून नाही. त्या खुर्चीत दुसरा कोणी बसला असता तरी हेच झालं असतं, आणि नाव लिहिलं की तुम्ही त्या एका माणसाला शिव्या घालून मोकळे व्हाल.

मी पत्रकं लिहिते. पेणला एसटी स्टँडच्या खांबावर, कंपनीविरुद्ध लढणाऱ्या आमच्या समितीचा पिवळा कागद तुम्ही पाहिला असेल, बहुतेक न वाचता त्यात भजी बांधून नेली असतील, तो माझ्या हातचा. 'जाहीर निषेध' आणि 'आता माघार नाही' हे मला झोपेतसुद्धा लिहिता येतं. या गोष्टीचं पत्रक मात्र निघालं नाही. का नाही, तेही सांगते. आधी झालं काय ते सांगते.

आमचं गाव पेणच्या पश्चिमेला, खाडीच्या बांधावर. गावाला दोनच कामं होती, पावसाळ्यात भात आणि पुढे मीठ. मिठागरांचे मालक मुंबईला, राबणारे आम्ही. कंपनीला खाडीत मालाचा धक्का बांधायचा होता, तर तिनं मिठागरं घेतली. पैसे मालकांना मिळाले, आम्हाला शब्द मिळाला. देवळासमोर मांडव घालून, हार गळ्यात घेऊन, कर्ण्यातून दिलेला शब्द. ज्या घरातली माणसं मिठागरावर होती, त्या घरातल्या एकाला कंपनीत काम. बाप्यांना ठेकेदाराकडे हमाली मिळाली, तीही आज आहे तर उद्या नाही. दहावी झालेल्या पोरींना रोह्याच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात कायम करू, म्हणाले. फक्त एक लेखी परीक्षा द्यायची. एकदाच बसता येईल. त्यात नापास झाल्या तर कंपनीनं आपला शब्द पाळला असं धरलं जाईल.

हे शेवटचं वाक्य तेव्हा कोणी नीट ऐकलं नाही. कर्णा खरखरत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

ताईला ती नोकरी का हवी होती? पगार तर होताच. पण ती बोलायची बुटांबद्दल. मिठागरात उतरणाऱ्या बाईचे पाय तुम्ही पाहिले नसतील. टाचा उकलतात, भेगांत खारं पाणी शिरतं आणि जखम भरतच नाही. 'जखमेवर मीठ' हा तुमच्यासाठी वाक्प्रचार आहे, आमच्याकडे तो कामाचा भाग होता. दहावीच्या पेपरालाही ताई पायांना फडकी गुंडाळून गेली होती. पॅकिंग खात्यातल्या बायकांना कंपनी बूट देते असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. "बंद बूट गो," ती मला सांगायची, "रबराचं नाय, चामड्याचं. मोज्यासकट." मी तिला म्हणायचे की बुटांसाठी कोणी इंग्रजी शिकतं का. ती म्हणायची, "तू शिक ना क्रांतीसाठी. मी बुटांसाठी शिकतंय."

मिठागरं गेली तशा पोरी पेणला गणपतीच्या कारखान्यात लागल्या. घासकाम. साच्यातून निघालेली मूर्ती पॉलिश कागदानं घासून गुळगुळीत करायची. रांगेत सहा पाट, सहा मांड्यांवर सहा गणपती, आणि संध्याकाळपर्यंत पोरी भुवयांसकट पांढऱ्या. मी पेणला कॉलेजात होते. सुटल्यावर त्यांच्याबरोबर घरी जायचं म्हणून कारखान्याच्या दारात जाऊन बसायचे. तेव्हा हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरचं आहे, ऐकीव नाही.

परीक्षेचा पेपर कसा असतो ते रोह्याच्या पोरांकडून कळलं होतं. लेबल उतरवून काढणं, गाळलेल्या जागा भरणं, आणि शेवटी डोकं चालवायचा एकच प्रश्न: दिलेला शब्द वापरून स्वतःचं वाक्य लिहा. शब्दही म्हणे दर वेळी तोच येतो. ऑलदो. म्हणजे जरी.

या शब्दाचा ताईला जुना राग होता. शाळेत तिनं 'ऑलदो' लिहून पुढे 'बट' लिहिलं होतं आणि बाईंनी त्यावर लाल रेघ ओढली होती, का ते न सांगता. आपण 'जरी' म्हटलं की पुढे 'तरी' आलाच पाहिजे. एक पाय उचलला की दुसरा उचलावाच लागतो. इंग्रजीचं तसं नाही, हे तिला समजावलं पेणच्या रामवाडीतल्या एका निवृत्त मास्तरांनी. कामावरून सुटल्यावर ती त्यांच्या ओट्यावर थांबायची, त्यांच्या बायकोला खाडीतले निवटे मासे द्यायची आणि शंका विचारायची. मास्तर म्हणाले, इंग्रजीत जरी आणि तरी एका ताटात जेवत नाहीत. एक जेवायला बसला की दुसऱ्यानं उपाशी राहायचं. दुसऱ्या दिवशी ताईनं तेच रांगेला आपल्या भाषेत सांगितलं.

"जरी तोंडात घेतला का तरी गिलायचा. बोलायचा नाय."

"नि चुकून बोलली तर?" एकीनं विचारलं.

"तर बस जलमभर सोंडा घासत."

मास्तरांनी पाठ करायला एक वाक्यही दिलं होतं. ते प्रत्येक गाइडात असतं, तुमच्याही गाइडात होतं. ऑलदो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट. तो गरीब असला तरी प्रामाणिक आहे. ताई ते बांधावरून घरी येईपर्यंत तोंडात घोळवत राहिली. मग मध्येच थांबली आणि मला म्हणाली, "म्हंजे गरीब हाय नि चोर नाय, याचा यांना नवल वाटतंय?" मी म्हटलं, असंच दिसतंय. ती म्हणाली, मग हे वाक्य आपण लिहायचं नाही. स्वतःचं लिहा असं तेच सांगतात ना, तर स्वतःचं लिहू.

स्वतःचं वाक्य जन्मलं ते जेवताना. बाबांना रक्तदाबाचा त्रास, आणि पेणच्या डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलेलं. जन्मभर मीठ ओढलेला माणूस अळणी आमटीत भात कालवत बसायचा आणि आमच्या आयला सुनवायचा की इंग्रजानं मिठावर नुसता कर लावला होता, या डॉक्टरानं मीठच जप्त केलंन. त्या दिवशी आम्ही हसलो आणि ताई हसता हसता थांबली. हात तसाच ताटात ठेवून तिनं एकेक शब्द लावला. ऑलदो माय फादर मेक्स सॉल्ट, ही कॅनॉट ईट सॉल्ट. माझे वडील मीठ पिकवत असले तरी त्यांना मीठ खाता येत नाही. तिनं ते मास्तरांना दाखवलं. मास्तर म्हणाले, अगदी बरोबर आहे, पण गाइडातलं लिहिलंस तर धोका कमी. ताई बरं म्हणाली. ताईचं बरं म्हणजे नाही.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला लागेल. आमच्यात लग्न लावते ती धवलारीण. भटजी असतो, पण तो मागाहून. हळदीपासून बायकांचे धवले लागतात, ती गाणी झाल्याशिवाय नवरी पाटावरून उठत नाही. आमची आय धवलारीण. ती एक ओळ देते आणि मागे बसलेल्या बाया ती उचलतात, जशीच्या तशी. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर म्हाताऱ्या गाणं थांबवतात आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावतात. नवरीचा बाप मांडवाच्या खांबाला धरून रडतो अशी एक ओळ येते. जिचा बाप जाऊन कैक वर्षं झाली, तीही बाई ती ओळ म्हणते. माझा बाप कुठे रडला, असं कोणी विचारत नाही. त्या वेळी बाप सगळ्यांचा असतो. आमच्या बाया काही शिकल्या असतील तर अशाच शिकल्या. जाळं विणणं, तांदळाची भाकरी, ओव्या, शिव्या. एकीनं द्यायचं, बाकीच्यांनी उचलायचं. एकदा उचललं की ते तुझं झालं.

तर कारखान्यात ताईनं ओळ दिली आणि रांगेनं उचलली. मूर्ती घासायच्या ठेक्यावर. ऑलदो माय फादर, खर्र खर्र, मेक्स सॉल्ट, खर्र खर्र. नवरात्रापासून मळणीपर्यंत हे चाललं होतं. कारखान्याचा मालक आतून ओरडायचा, "गणपती घासताय का इंग्रजाची आरती करताय?" पोरी हसायच्या, पांढरा धुरळा उडायचा, आणि मालकही दारात येऊन ऐकत उभा राहायचा. पोरींतल्या सगळ्यांत धाकटीचा बाप ती रांगती असतानाच खाडीत बुडाला होता. तीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. इंग्रजीत का होईना, तिला 'माझे वडील' म्हणून वाक्य सुरू करायला मिळत होतं.

तुम्ही म्हणाल, सहा जणी एकच वाक्य लिहितायत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही का? मास्तरांना वाटलं, वाक्य एकटीचं आहे. आम्हाला सगळ्यांना वाटलं, ते सहा जणींचं आहे. यात चुकीचं काही असू शकतं हे खाडीच्या आमच्या अंगाला कोणाला सुचलंच नसतं.

परीक्षेला पोरी रोह्याच्या गाडीनं गेल्या, मीही गेले. निडी स्टेशन सोडल्यावर गाडी नेहमीसारखी कारण नसताना उभी राहिली आणि सगळ्यांनी धुतलेल्या ड्रेसच्या ओढणीत हात लपवले, कारण नखांतलं प्लास्टर निघता निघत नव्हतं. हॉलमध्ये त्यांना लांब लांब बसवलं, एक खिडकीशी तर एक पार मागच्या भिंतीला. मी दारातून पाहिलंय. बाहेर आल्या त्या हसतच. शब्द आला होता, तोच. परतीच्या गाडीत टोपलीवाल्या बायांनी विचारलं काय गो एवढं गाताय, तर पोरींनी त्यांनाही एक ओळ दिली. दोघी-तिघींनी उचललीसुद्धा.

सोमवारी निकाल. गेटवरच्या फळ्याला पास झालेल्यांचे नंबर, त्यात आमचा एकही नाही. खाली वेगळा कागद: खालील उमेदवारांचे पेपर कॉपीच्या कारणावरून रद्द. तिथे सहाही. धाकटी म्हणाली, आपले नंबर चुकून भलत्या कागदाला लागले. तिला खरंच तसं वाटलं. मी ताईच्या दंडाला धरलं आणि गेटातून आत गेले, बाकीच्या पाच जणी मागोमाग. वॉचमन सोडेना, तेव्हा मी समितीचं नाव सांगितलं. त्या नावानं दार उघडलं. त्यापलीकडे त्या नावानं काही झालं नाही.

साहेब तरुण होता आणि सभ्य होता. बसा म्हणाला, पाणी मागवलं. मुद्दाम सांगते, कारण आमच्या पत्रकांत साहेब नेहमी उर्मट असतो. हा नव्हता. त्यानं सहा पेपर काढले आणि पत्ते मांडावेत तसे टेबलावर मांडले. सहा हस्ताक्षरं आणि एक वाक्य.

"मला सांगा," तो म्हणाला, "या सहाही जणींच्या वडिलांना मीठ वर्ज्य आहे?"

मी काही बोलायच्या आत त्यानं धाकटीचा पेपर बोटानं पुढे सरकवला. "आणि अर्जाप्रमाणे हिचे वडील तर हयात नाहीत. हयात नसलेला माणूस मीठ पिकवतो?"

मी सांगायला लागले. हॉलमध्ये या लांब लांब बसल्या होत्या, मग कॉपी केली कशी? तो म्हणाला, म्हणजे आधीच ठरवलं होतं, ते तर जास्त गंभीर. मी आमच्याकडची रीत सांगितली, गणपतीचा कारखाना, रांग, धवले, ओळ देणं, ओळ उचलणं. सभेत बोलते तशी बोलले. आणि बोलता बोलता मला दिसत होतं की माझं बोलणं त्याच्या टेबलाच्या कडेपर्यंत जातंय आणि तिथून खाली सांडतंय. तो ऐकत होता, मान हलवत होता. शेवटी म्हणाला, प्रश्नात 'स्वतःचं' असं स्पष्ट लिहिलंय.

"त्यांचंच आहे," मी म्हटलं. "कुठल्या गाइडात आहे दाखवा."

"तोच तर प्रॉब्लेम आहे."

मला तेव्हा ते समजलं नाही. मी विचारलं, जे पास झाले त्यांनी काय लिहिलंय? त्यानं लपवलं नाही. गठ्ठा सोडला आणि वरचे पेपर माझ्याकडे फिरवले. ऑलदो ही इज पुअर. ऑलदो ही इज पुअर. पुढचा, तोही ऑलदो ही इज पुअर. एकात ऑनेस्टचं स्पेलिंग चुकलेलं, त्यालाही मार्क दिलेले. मी म्हटलं, मग ही कॉपी नाही? तो खरोखर गोंधळला. मनात खोट असलेला माणूस असा गोंधळत नाही.

"ते स्टँडर्ड आहे," तो म्हणाला. "पुस्तकातलं आहे. ते कोणाचंच नाही, म्हणून कोणीही लिहावं."

मी कितीतरी भाषणं ऐकली आहेत. मालकशाहीचं, सरकारचं, जातीचं पोट फाडून दाखवणारी. या साध्या माणसाच्या एका वाक्यानं जेवढं उघडं पडलं तेवढं त्यांतल्या एकानंही पाडलं नाही. पुस्तकातला गरीब माणूस सगळ्यांचा. त्याला कोणीही उचलावं, मार्क मिळवावे, नोकरीला लागावं. खाडीवरचा बाप मात्र ज्याचा त्याचा. तो दुसरीनं उचलला की चोरी.

मी म्हटलं, तोंडी घ्या. आत्ता घ्या. ही समोर उभी आहे. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, आणि त्याच्या बाजूनं सांगायचं तर तो तयार झाला. ताईला म्हणाला, "ठीक आहे. ऑलदो वापरून दुसरं एक वाक्य सांगा. कुठलंही चालेल."

ताईला येत होती, ढिगानं येत होती. बांधावरून येताना ती रोज नवीन करायची. भरतीवर करायची, वेळेवर न येणाऱ्या एसटीवर करायची, माझ्यावर तर हमखास: हिचा रोज निषेध असला तरी ही जेवायला वेळेवर हजर असते. आणि कुठेही तरी तोंडाबाहेर पडायचा नाही, व्यवस्थित गिळलेला असायचा. मी मनात म्हटलं, आता बघ साहेबा.

ताईनं साहेबाकडे पाहिलंच नाही. ती मागे वळली, दाराकडे. दाराच्या काचेपलीकडे पाच जणी उभ्या होत्या, आत काय चाललंय ते न कळून, कपाळं काचेला टेकवून. ताईचे ओठ हलले. आवाज आला नाही. पुन्हा हलले. आय नेहमी सांगते, मागे बाया नसतील तर धवला तोंडातून निघत नाही, आणि निघालाच तर ते गाणं राहत नाही, रडणं होतं.

साहेब थांबला. खरं सांगायचं तर बराच थांबला. मग पेपर गोळा करत मला म्हणाला, "बघा. तुम्हीच बघा आता." आणि भोंगा झाला, आणि तो डबा खायला उठला.

बाहेर पोरींनी विचारलं काय झालं. मी सांगितलं ते त्यांना कळलं नाही. गाइडातलं लिहिणारे पास आणि आपलं लिहिणारे चोर, हे कोणाला एका दमात कळतं? स्टेशनच्या रस्त्याला लागल्यावर मी ताईवर चिडले. येत असून का नाही बोललीस, म्हटलं. ती चालता चालता म्हणाली, "एकटीनं कशी बोलू गो? उचलाला कोन होता?"

मी पुढे होऊन सात तिकिटं काढली.

मी पत्रक लिहून समितीत नेलं. आमचे कार्यकर्ते चांगले लोक आहेत, लाठ्या खाल्लेले. ते म्हणाले, सहा जणींसाठी छापलं तर धक्क्याचा मुख्य मुद्दा बाजूला पडेल. शिवाय कॉपी हा शब्द एकदा कागदावर आला की वाचणारा म्हणणार, केली असेल. एक जण म्हणाला, ते बापाचं आणि मिठाचं काढून टाक, नुसतं 'भरतीतील अन्याय' एवढं ठेव. म्हणजे यांनाही गाइडातलं वाक्य हवं होतं. मी कागद परत घेतला.

कंपनीनं गावाला कळवलं की संधी दिली होती, ती उमेदवारांनी गैरमार्गानं घालवली, विषय संपला. शब्द पाळला गेला. गावातली टवाळ पोरं पाणवठ्यावर विचारायची, काय गो, बाबाचा बीपी कसा हाय? ते मी सोसलं असतं. पण आमच्याच बाया म्हणायला लागल्या की जिनं तिनं आपापल्या बापाचं लिहायचं होतं ना, एवढी अक्कल नको? ज्यांनी जन्मात कधी बदलून ओळ म्हटली नाही, त्या बाया. साहेबानं टेबलावर जे केलं ते गावानं घराघरांत केलं, आणि कोणी सांगितलं नसताना केलं.

पोरी पांगल्या. ताई आता कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जाते. इंग्रजीचा एक शब्द तिच्या तोंडून मी त्यानंतर ऐकला नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचं नावसुद्धा ती वाचत नाही, मला वाचायला देते.

धाकटीचं लग्न ठरलं गडब गावात. आय धवले म्हणायला बसली. मागे बाया होत्या, ताई होती, बाकीच्या चौघी होत्या. बाप खांबाला धरून रडतो ती ओळ आयनं दिली. म्हाताऱ्यांनी उचलली. आमच्या पोरींनी उचलली नाही, ओठ मिटून बसल्या. आयला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून तिनं पुन्हा दिली. तेव्हा पाटावरून, हळद लावलेल्या तोंडानं, धाकटी हळूच म्हणाली, "ही ओल नको, काकी. माझा बाप हयात नाय."

हयात. हा शब्द आमच्या गावात कोणी वापरत नाही. तो तिला त्या ऑफिसातून मिळाला, मी बाहेर येऊन सांगितलं त्यातून. परीक्षेतून आमच्या गावाला मिळालेला तेवढा एकच शब्द.

आयनं ओळ सोडली आणि पुढची घेतली. मी मांडवात उभी होते आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे ओळ उचलणं आता परत मिळणार नाही. नोकरी एक वेळ मिळेल.

पत्रकाचा शेवट आशेनं करायचा असतो असं मला शिकवलंय. माझ्याकडे आशा नाही. मागणी आहे, आणि ती कंपनीकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुम्ही पेण-रोह्याचे असाल तर तुमच्या घरात, नाहीतर शेजारच्या घरात, कोणीतरी त्या कंपनीत आहे. कोणाचा नवरा सुपरवायझर आहे, कोणाचा भाऊ ऑफिसात आहे. त्याला सांगा, कंपनीला त्या सहा जणींना परत बोलवायला लाव. एकेकटीला नाही. सगळ्यांना एका खोलीत, एका रांगेत बसवा, तोंडी विचारा आणि संपेपर्यंत ऐका. 'आपलं काय जातंय' असं तो म्हणेल. त्याला पुन्हा सांगा. आज रात्री जेवताना सांगा, आणि नाही म्हणाला तर उद्या सकाळी शिफ्टला निघायच्या आधी दारात उभं राहून सांगा.